यकृताचा इशारा वेळेवर कोण वाचणार?

मद्यपानामुळे जडणाऱ्या यकृतविकारात रुग्णाचे पुढे काय होणार, हे रक्तातील काही घटकांवरून आता बऱ्याच अंशी सांगता येते. मात्र या भाकितांचा उपयोग प्रामुख्याने मृत्यूच्या दारात पोचलेल्या रुग्णांसाठी होतो. ज्यांच्या बाबतीत ती खोटी ठरवणे अजून शक्य आहे, त्यांच्यापर्यंत ती पोचतच नाहीत. या विसंगतीचा हा ऊहापोह.

जून २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्कात मोठी वाढ केली. त्यातून राज्याच्या तिजोरीत वर्षाकाठी सुमारे १४ हजार कोटी रुपयांची भर पडेल, असा सरकारचा अंदाज होता. या निर्णयावर चर्चा झाली ती मद्याच्या दरवाढीची, हॉटेलचालकांच्या विरोधाची आणि महसुलाची. त्या मद्याचा भार ज्या अवयवावर पडतो, त्या यकृताची चर्चा मात्र फारशी झाली नाही. यकृताचा स्वभावच असा आहे, की ते वर्षानुवर्षे निमूटपणे सोसत राहते आणि बोलू लागते तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो.

प्रश्नाचा आवाका मोठा आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने (एम्स) केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात. त्यातील सुमारे पावणेसहा कोटी लोकांचे मद्यपान घातक स्वरूपाचे किंवा मद्यपाशाच्या पातळीवरचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १४ टक्के पुरुषांनी आपण मद्यपान करतो, असे सांगितले. घरी आलेल्या पाहणी कर्मचाऱ्यापुढे असे प्रश्न किती मोकळेपणाने उत्तरले जात असतील, हे लक्षात घेतले तर प्रत्यक्ष प्रमाण याहून कमी असण्याची शक्यता नाही.

परंतु मद्यपान करणाऱ्या प्रत्येकाचे यकृत निकामी होत नाही आणि इथेच खरा वैद्यकीय पेच आहे. दीर्घकाळ आणि भरपूर मद्यपान करणाऱ्यांपैकी जवळजवळ सर्वांच्याच, म्हणजे सुमारे ९० टक्के लोकांच्या यकृतात चरबी साठते. त्यापुढे जाऊन सिरॉसिसपर्यंत मजल जाते ती साधारणपणे १० ते २० टक्के लोकांची. ‘आमचे काका रोज पीत होते, ऐंशी वर्षे जगले,’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य त्यामुळे अनेकदा खरेच असते. ते काका ८० टक्क्यांत होते, एवढाच त्याचा अर्थ. ते ऐकून निर्धास्त होणारा पुतण्या कोणत्या गटात आहे, हे मात्र त्या वाक्यातून कळत नाही. ते आधी कळावे, यासाठीच रक्तातील खुणांचा, म्हणजे बायोमार्करचा, गेली पाच-सहा दशके शोध सुरू आहे.

‘लिव्हर फंक्शन’चा गैरसमज

शहरी मध्यमवर्गात वार्षिक आरोग्य तपासणीची आता सवय झाली आहे. तपासणीच्या ‘पॅकेज’मध्ये लिव्हर फंक्शन टेस्ट असतेच. अहवालात एसजीओटी आणि एसजीपीटीचे आकडे ठळक अक्षरांत नसले, म्हणजे ते सामान्य मर्यादेत असले, की आपले यकृत ठणठणीत आहे, असा निष्कर्ष काढून अहवाल कपाटात जातो. हा निष्कर्ष धोकादायक आहे.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही विकरे पेशींच्या आत असतात. पेशी दुखावली की ती रक्तात झिरपतात. म्हणजे या चाचण्या यकृताला आत्ता इजा होते आहे का, हे सांगतात. यकृत काम किती करते किंवा त्यात किती व्रण साठले आहेत, हे सांगत नाहीत. सिरॉसिस झालेल्या रुग्णाच्या यकृतात दुखावण्याजोग्या निरोगी पेशीच कमी उरलेल्या असतात आणि त्याचे हे आकडे जवळपास सामान्य असू शकतात. यकृताच्या प्रत्यक्ष कार्यक्षमतेचा अंदाज येतो तो बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्यास लागणारा वेळ म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम यांवरून. यकृतात व्रणतंतू वाढले, की रक्तवाहिन्यांतील दाब वाढून प्लीहा फुगते, त्यात प्लेटलेट अडकतात आणि रक्तातील प्लेटलेटची संख्या हळूहळू घटू लागते. यकृताविषयीचा इशारा त्यामुळे अहवालाच्या वेगळ्याच पानावर, ‘सीबीसी’च्या रकान्यात उमटलेला असतो.

मद्यजन्य इजेची आणखी एक खूण जुनीच आहे. इटलीतील फर्नांडो दे रितिस यांनी १९५७मध्ये या दोन विकरांच्या गुणोत्तराकडे लक्ष वेधले होते. विषाणूजन्य काविळीत सहसा एसजीपीटी अधिक वाढते. मद्यजन्य विकारात एसजीओटी वरचढ असते आणि अनेकदा दुप्पट असते. हे गुणोत्तर, वाढलेले जीजीटी आणि नेहमीपेक्षा मोठ्या आकाराच्या लाल पेशी असे त्रिकूट एकत्र दिसले, तर अनुभवी डॉक्टरांच्या मनात शंका येतेच. मात्र ही त्रयी रुग्ण मद्यपान करत असावा, एवढेच सुचवते. त्याचे पुढे काय होणार, हे ती सांगत नाही.

मृत्यूचे गणित

पुढे काय होणार, याचे गणित मांडण्याचे प्रयत्न सुरू झाले ते सर्वांत गंभीर रुग्णांपासून. १९६४मध्ये चाइल्ड आणि टरकॉट या शल्यविशारदांनी सिरॉसिसच्या रुग्णाला शस्त्रक्रिया झेपेल का, हे ठरवण्यासाठी एक वर्गवारी केली. १९७३मध्ये लंडनमध्ये प्यू आणि सहकाऱ्यांनी तिच्यात सुधारणा केली. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, प्रोथ्रॉम्बिन, पोटात साठलेले पाणी आणि मेंदूवर आलेली गुंगी या पाच गोष्टींवर आधारलेली ही ‘चाइल्ड-प्यू’ वर्गवारी आजही रुग्णालयांत रोज वापरली जाते.

मद्यजन्य हिपॅटायटिस, म्हणजे मद्यामुळे यकृताला अचानक येणारी तीव्र सूज, हा याहून जीवघेणा प्रकार. त्याचे गणित अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या मॅड्री यांनी १९७८मध्ये मांडले. रुग्णाचा प्रोथ्रॉम्बिन टाइम सामान्यापेक्षा जितके सेकंद जास्त, त्याला ४.६ने गुणायचे आणि त्यात बिलिरुबिन मिळवायचे. उदाहरणार्थ, प्रोथ्रॉम्बिन टाइम सहा सेकंदांनी वाढलेला आणि बिलिरुबिन १५ असेल, तर उत्तर ४२.६ येते. हा आकडा ३२ किंवा त्याहून अधिक असेल तर आजार तीव्र समजायचा. अशा रुग्णांपैकी सुमारे तिघांत एक जण उपचारांविना महिन्याभरात दगावतो, असे तेव्हाच्या अभ्यासांत दिसले होते. गणित सोपे, चाचण्या स्वस्त. त्यामुळे ही पद्धत जगभर रुजली.

२००० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये ‘मेल्ड’ हा गुणांक तयार झाला. भारतीय वंशाचे डॉ. पॅट्रिक कामथ हे त्याच्या जनकांपैकी एक. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याचा ‘आयएनआर’ हे तीन आकडे घेऊन पुढील तीन महिन्यांतील मृत्यूचा धोका त्यातून काढला जातो. २००२पासून अमेरिकेत यकृत प्रत्यारोपणाची प्रतीक्षायादी या गुणांकावर चालू लागली. त्याच्या मूळ सूत्रात यकृताचा आजार कशामुळे झाला, यासाठीही एक पद होते. ते पुढे वगळण्यात आले. यकृत मद्याने गेले की विषाणूने, याची विचारपूस न करता हा आकडा फक्त रुग्ण किती आजारी आहे, एवढेच सांगतो. समाज मद्यपी रुग्णाकडे ज्या नजरेने पाहतो, ती लक्षात घेता या तटस्थतेचे मोल मोठे आहे.

त्यानंतर २००५मध्ये ग्लासगो आणि २००७मध्ये फ्रान्समधील लिल येथील गुणांक आले. लिलच्या डॉक्टरांनी एक वेगळा विचार केला. पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर विसंबण्याऐवजी स्टेरॉइड सुरू करून सात दिवसांनी बिलिरुबिन किती उतरले, ते पाहायचे. गुणांक ०.४५पेक्षा जास्त आला तर औषध लागू पडत नाही, असे समजून ते थांबवायचे. अशा रुग्णांपैकी सहा महिन्यांनी जिवंत राहिले सुमारे २५ टक्के. ज्यांना औषध लागू पडले त्यांच्यापैकी सुमारे ८५ टक्के. सात दिवसांत एवढा मोठा फरक स्पष्ट करणारी चाचणी वैद्यकशास्त्रात विरळाच.

भारतातील संशोधकही या क्षेत्रात मागे नाहीत. दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हर अँड बिलिअरी सायन्सेस या संस्थेच्या पुढाकाराने आशिया-प्रशांत विभागातील रुग्णालयांनी एकत्र येऊन १,४०२ रुग्णांच्या नोंदींवरून २०१७मध्ये ‘आर्क’ गुणांक मांडला. आधीच जर्जर झालेल्या यकृतावर अचानक आघात होऊन ते कोसळते, अशा रुग्णांसाठी तो आहे आणि आपल्याकडे अशा आघाताचे एक मोठे कारण मद्य हेच आहे. बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन, मेंदूवरील गुंगी यांच्या जोडीला या गुणांकात रक्तातील लॅक्टेट मोजले जाते. सर्वांत खालच्या श्रेणीतील रुग्णांपैकी चार आठवड्यांत सुमारे १३ टक्के दगावतात. सर्वांत वरच्या श्रेणीत हे प्रमाण सुमारे ८६ टक्के असते.

भाकीत अचूक, उपाय अपुरा

इथपर्यंतची कहाणी शास्त्राच्या प्रगतीची आहे. परंतु भाकीत जितके अचूक होत गेले, तितके त्या टप्प्यावर हाती असलेले उपाय तोकडे असल्याचेही उघड होत गेले. ब्रिटनमधील ६५ रुग्णालयांत १,१०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टोपा’ या चाचणीत स्टेरॉइडने पहिल्या महिन्यातील मृत्यू किंचित कमी झाल्यासारखे दिसले. पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही आणि तीन महिन्यांनंतर तर काहीच लाभ दिसला नाही. उलट, स्टेरॉइड घेणाऱ्यांत गंभीर जंतुसंसर्गाचे प्रमाण १३ टक्के, तर न घेणाऱ्यांत सात टक्के आढळले. पेन्टॉक्सिफिलिन हे दुसरे औषध तर निरुपयोगीच ठरले. एक वर्षानंतर मृत्यू आलेले किंवा प्रत्यारोपण करावे लागलेले रुग्ण निम्म्याहून अधिक होते.

मग उरतो तो प्रत्यारोपणाचा मार्ग. फ्रान्स आणि बेल्जियममधील डॉक्टरांनी औषध लागू न पडलेल्या २६ काळजीपूर्वक निवडलेल्या रुग्णांवर, सहा महिने मद्य सोडल्याची प्रचलित अट बाजूला ठेवून, लवकर प्रत्यारोपण केले. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा महिन्यांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ७७ टक्के होते. प्रत्यारोपण न झालेल्या तशाच रुग्णांत ते २३ टक्के होते. हा मार्ग प्रभावी आहे, यात शंका नाही. पण तो किती जणांसाठी खुला आहे? भारतात बहुतांश यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्याच्या यकृताचा भाग घेऊन होतात. म्हणजे नवऱ्याच्या किंवा मुलाच्या मद्यपानाची किंमत अनेक घरांत पत्नी, आई वा बहीण स्वतःच्या शरीराने मोजते. शिवाय खासगी रुग्णालयातील खर्च लाखोंच्या घरात जातो. अशा कुटुंबाला ‘तुमच्या रुग्णाचा गुणांक ४२ आहे’ असे सांगून शास्त्र आपले काम चोख बजावते. पण त्या कुटुंबापुढे पर्याय किती ठेवते, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

त्यात आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. डोळे पिवळे झाले की ‘कावीळ’ म्हणून झाडपाल्याचे औषध आणण्याची किंवा कावीळ उतरवणाऱ्याकडे जाण्याची रीत शहरांतही पुरती गेलेली नाही. मद्यजन्य हिपॅटायटिसमध्ये पहिले काही दिवस निर्णायक असतात आणि नेमके तेच या खटाटोपात जातात. लिलचे सात दिवसांचे गणित मांडण्याआधीच दोन-तीन आठवडे हातचे गेलेले असतात.

आधी वाचता येणाऱ्या खुणा

गेल्या दीड-दोन दशकांतील संशोधनाचा मोहरा म्हणूनच आधीच्या टप्प्याकडे वळला आहे. यकृतात तंतूंचे जाळे, म्हणजे फायब्रोसिस, किती वाढले आहे, यावर रुग्णाचे पुढील दहा वर्षांचे भवितव्य बव्हंशी ठरते. पूर्वी ते पाहण्यासाठी सुईने यकृताचा तुकडा काढावा लागे. आता रक्तातून त्याचा अंदाज घेता येतो. ‘ईएलएफ’ या चाचणीत हायल्युरोनिक आम्लासह तंतूंच्या घडणीशी संबंधित तीन घटक मोजतात. डेन्मार्कमधील ओडेन्स येथील डॉक्टरांनी लक्षणे नसलेल्या किंवा सौम्य आजार असलेल्या शेकडो मद्यपी व्यक्तींचा काही वर्षे मागोवा घेतला. पुढे कोणाला पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी होणे यांसारखे गंभीर प्रसंग येतील, हे सांगण्यात ही चाचणी बायोप्सीच्या तोडीस तोड ठरली.

त्याच डॅनिश गटाने कोपनहेगनच्या शास्त्रज्ञांच्या साथीने २०२२मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. ५९६ व्यक्तींच्या रक्तद्रवातील शेकडो प्रथिनांचे मापन करून फायब्रोसिस, सूज आणि चरबी यांच्या स्वतंत्र ‘सह्या’ त्यांनी शोधल्या. त्या प्रथिनांवरून पुढील काळातील यकृताचे गंभीर प्रसंग आणि मृत्यू यांचाही अंदाज बांधता आला. हे तंत्र आज प्रयोगशाळेपुरते आहे आणि नाक्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ते यायला वेळ लागेल.

परंतु तोवर थांबण्याची गरज नाही, हाच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. २००६मध्ये मांडलेला ‘फिब-४’ नावाचा निर्देशांक चार साध्या गोष्टींवर निघतो : वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट. वयाला एसजीओटीने गुणायचे आणि त्याला प्लेटलेटची हजारांतील संख्या व एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचे. समजा, एका गृहस्थाचे वय ४८, एसजीओटी ६२, एसजीपीटी ३६ आणि प्लेटलेट एक लाख ४० हजार आहेत. बिलिरुबिन सामान्य, एसजीपीटी सामान्य, एसजीओटी ‘जरा वाढलेले’, प्लेटलेट ‘जरा कमी’. असा अहवाल पाहून कोणी दचकत नाही. फिब-४ मात्र ३.५४ येतो. १.३च्या खाली धोका कमी आणि २.६७च्या वर धोका मोठा, अशी त्याची सर्वसाधारण विभागणी आहे. म्हणजे ज्या अहवालाकडे पाहून ‘काळजीचे कारण नाही’ म्हटले गेले, त्याच अहवालात सिरॉसिसची चाहूल दडलेली होती. वेगळी सुई नको, वेगळा खर्च नको. फक्त छापलेल्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी कोणीतरी करायला हवी.

या निर्देशांकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मूळचा तो एचआयव्ही आणि हिपॅटायटिस-सी एकत्र असलेल्या रुग्णांसाठी तयार झाला होता. सूत्रात वय असल्याने पस्तिशीच्या आत तो धोका कमी दाखवू शकतो आणि पासष्टीनंतर उगाच जास्त. नुकतेच भरपूर मद्यपान झाले असेल तर एसजीओटी वाढून आकडा फुगतो. डेंगीच्या तापात प्लेटलेट घसरलेल्या असताना तो काढणे व्यर्थच. म्हणून तो निदान नव्हे, चाळणी आहे. चाळणीत वर राहिलेल्यांची इलॅस्टोग्राफी किंवा ईएलएफ चाचणी करायची, हा क्रम योग्य. ब्रिटनच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने २०१६पासून ठरावीक प्रमाणाबाहेर मद्यपान करणाऱ्यांना, लक्षणे नसली तरी, इलॅस्टोग्राफी देऊ करावी, अशी शिफारस केली आहे. शिवाय युरोपातील रुग्णांवर ठरवलेल्या मर्यादा आपल्याला जशाच्या तशा लागू पडतील, असे गृहीत धरता येत नाही. आपल्याकडे मद्याच्या जोडीला मधुमेह, पोटाचा घेर आणि हिपॅटायटिस-बी यांचे ओझे आहे. तेव्हा येथील रुग्णांवर या चाचण्या पडताळणे अगत्याचे आहे.

आकडा दाखवल्याने काय साधते?

‘पिणाऱ्याला अहवाल दाखवून काय उपयोग? तो सोडणार थोडाच?’ हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला स्वीडनमधील माल्मो शहराने चार दशकांपूर्वीच उत्तर दिले आहे. तेथे मध्यमवयीन पुरुषांच्या सामूहिक तपासणीत ज्यांचे जीजीटी सर्वाधिक आढळले, त्यांचे दोन गट केले गेले. एका गटाला पत्राने कळवण्यात आले, की मद्यपान कमी करा. दुसऱ्या गटातील पुरुषांची दर महिन्याला परिचारिकेकडून जीजीटी तपासणी झाली, आकडा त्यांना दाखवला गेला आणि ठरावीक काळाने डॉक्टर त्यांच्याशी बोलत राहिले. १९८३मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुसऱ्या गटात आजारपणाच्या रजा आणि रुग्णालयातील दिवस दोन्ही लक्षणीयरीत्या घटले होते. औषध एकही नव्हते. होता तो एक स्वस्त आकडा आणि तो घेऊन नियमितपणे बोलणारे माणूस.

यकृताच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे. चरबी साठण्याच्या टप्प्यावर मद्य थांबवले तर काही आठवड्यांत यकृत बहुतांशी पूर्ववत होऊ शकते. फायब्रोसिसही काही प्रमाणात मागे हटतो. सिरॉसिस झाल्यावरदेखील मद्य सोडणाऱ्यांचे आयुष्य न सोडणाऱ्यांपेक्षा वाढते. हवामान खात्याचे भाकीत ऐकून पाऊस थांबवता येत नाही. यकृताचे भाकीत ऐकून मात्र ते बदलता येते. म्हणूनच ते लवकर सांगितले गेले पाहिजे.

दुधारी शस्त्र

रक्तातील खुणांची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागेल. ‘पेथ’ म्हणून ओळखला जाणारा फॉस्फॅटिडिल इथेनॉल हा पदार्थ शरीरात मद्य असल्याखेरीज तयार होत नाही आणि शेवटच्या मद्यपानानंतर दोन ते चार आठवडे तो रक्तात सापडतो. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेतील रुग्णाने खरोखर मद्य सोडले आहे का, हे त्यावरून कळते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या हाती तो उपयुक्त आहे. तोच विमा कंपनीच्या किंवा नोकरी देणाऱ्याच्या हाती गेला तर?

विमा नियामक प्राधिकरणाने २०१९मध्ये आरोग्य विम्यातील अपवादांचे प्रमाणीकरण केले. त्यानुसार मद्यासक्ती आणि तिच्या परिणामांवरील उपचार विम्यातून वगळण्याची मुभा कंपन्यांना आहे. साहजिकच रुग्ण आणि नातेवाईक डॉक्टरांपासूनच मद्यपान लपवतात. ‘कधीतरी घेतात’ असे सांगतात. कागदावर ‘अल्कोहोल’ हा शब्द आला तर दावा नाकारला जाईल, ही भीती अनाठायी नाही. ज्या आजारात खरे बोलणे हाच उपचाराचा आरंभ आहे, त्यात खरे बोलणाऱ्याला दंड करणारी ही व्यवस्था आहे. मधुमेह वा हृदयविकारातही राहणीमानाचा वाटा असतो. तेथे आपण रुग्णाचा खर्च असा सरसकट नाकारत नाही. वैद्यकविश्वाने ‘अल्कोहोलिक’ हे विशेषण टाळून ‘मद्याशी संबंधित यकृतविकार’ असा शब्दप्रयोग स्वीकारला आहे, तो रुग्णावरचा कलंक पुसण्यासाठी. विम्याच्या कागदांत तो कलंक अजून शाबूत आहे.

आणखी एक सावधगिरी. कोणताही गुणांक समूहाचे भविष्य सांगतो, व्यक्तीचे नव्हे. ‘८६ टक्के दगावतात’ याचा अर्थ १४ टक्के वाचतात, असाही होतो आणि समोरचा रुग्ण कोणत्या बाजूचा, हे आकडा सांगू शकत नाही. अतिदक्षता विभागात खाटा अपुऱ्या असताना हा आकडा उपचार नाकारण्याचे सोयीचे निमित्त होऊ नये. मद्यपी रुग्णाच्या बाबतीत ‘स्वतःच ओढवून घेतले’ ही भावना आधीच हवेत असते. तिला दशांश चिन्हाचे पाठबळ मिळाले, की निर्णय शास्त्रीय वाटू लागतो.

काय करता येईल?

पहिली गोष्ट पॅथॉलॉजी प्रयोगशाळांनी करण्याजोगी आहे. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट हे चारही आकडे एकाच अहवालात असतील, तर संगणकाने फिब-४ आपोआप काढून शेवटी छापावा. यासाठी यंत्र नको, अनुदान नको. सोबत ‘हा आकडा वाढलेला असल्यास डॉक्टरांना भेटा’ अशी मराठीत एक ओळ असावी.

दुसरी गोष्ट सरकारी आरोग्यसेवेची. मुंबईत २०२२पासून सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’सारख्या योजनांत रक्ततपासण्या मोफत होतात. तेथे येणाऱ्या प्रत्येक प्रौढाला मद्यपानाविषयी दोन-तीन प्रश्न दोष न देता विचारावेत आणि धोका दिसल्यास फिब-४ काढून पुढील तपासणीची चिठ्ठी द्यावी. मद्यावरील वाढीव शुल्कातून येणाऱ्या हजारो कोटींपैकी एक छोटा, पण निश्चित हिस्सा यासाठी राखून ठेवणे सरकारला अवघड नाही.

तिसरी गोष्ट, तपासणीनंतरच्या आधाराची. धोका सांगून माणसाला वाऱ्यावर सोडणे हे न सांगण्याहून वाईट. महाराष्ट्रात ही परंपरा नवी नाही. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू केले. अल्कोहोलिक्स अनॉनिमसचे गट गावोगावी आहेत. मात्र यकृततज्ज्ञाची ओपीडी आणि व्यसनमुक्ती केंद्र यांच्यामध्ये आजही मोठी दरी आहे. एकीकडे यकृताचे आकडे पाहतात, दुसरीकडे मनाचा आजार. रुग्ण मात्र एकच असतो. मोठ्या रुग्णालयांत यकृत विभागातच समुपदेशक बसला पाहिजे.

आणि चौथी गोष्ट, गोपनीयतेची. मद्याच्या खुणा दाखवणारे अहवाल उपचाराव्यतिरिक्त कोणत्याही कारणासाठी वापरता येणार नाहीत, असे स्पष्ट बंधन हवे. विम्यातील सरसकट अपवादाचा फेरविचारही हवा. त्याखेरीज लोक तपासणीला पुढे येणार नाहीत आणि उत्तमातील उत्तम चाचणी कपाटात पडून राहील.

मॅड्रींच्या सूत्रापासून डॅनिश प्रथिनांच्या सह्यांपर्यंत शास्त्राने लांबचा पल्ला गाठला आहे. यापुढेही नवनव्या चाचण्या येतील, त्यांच्या बातम्या होतील. पण आज शहरांतील असंख्य घरांच्या कपाटांत जे जुने अहवाल पडून आहेत, त्यांतील चार आकडे एकत्र वाचले गेले, तरी कित्येकांना काही वर्षे आधी सावध करता येईल. महसुलाचा हिशेब काटेकोरपणे ठेवणाऱ्या राज्याने निदान एवढे गणित करायला हरकत नसावी.